लिव्हरमधल्या इम्यून सेल्स मोजताना काय काय बघितलं

सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर वणांनी भरून कडक होण्याचा, विषय निघाला की बोलणं दारू, हिपॅटायटिस, फॅटी लिव्हर एवढ्यावरच थांबतं. ही कारणं खरीच आहेत, पण लिव्हरला इजा कशानेही झाली तरी पुढे तिथे कायमचा वण राहणार की जखम भरून येणार हे बऱ्यापैकी ठरतं ते लिव्हरमध्ये आधीपासून राहणाऱ्या आणि ऐनवेळी रक्तातून आत आलेल्या इम्यून सेल्सवर. माझं पीएचडीचं काम याच सेल्सवर आहे. उंदराच्या लिव्हरमधून त्या जिवंत बाहेर काढायच्या, कोण किती आहेत ते मोजायचं, आणि इजा चालू असताना आणि इजा थांबल्यावर त्यांच्यात काय बदलतं ते बघायचं. हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सविस्तर लिहितेय, कारण पेपरमध्ये याच्या चार ओळी येतात, "सेल्स आयसोलेट केल्या" वगैरे, आणि त्या चार ओळींच्या मागे जे असतं त्यातूनच मला हा आजार खरा समजला.

थोडं आधीचं सांगते. लिव्हरला येणारं साधारण ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून येतं, म्हणजे थेट आतड्याकडून. त्यात अन्नातून शोषलेलं सगळं तर असतंच पण आतड्यातल्या बॅक्टेरियांचे तुकडेही असतात. या रक्ताच्या वाटेवर, सायनुसॉइड नावाच्या बारीक वाहिन्यांच्या आत, कुप्फर सेल्स बसलेल्या असतात. या लिव्हरच्या स्वतःच्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा आणि जंतू गिळणाऱ्या इम्यून सेल्स; शरीरातल्या सगळ्या टिश्यूंमधल्या मॅक्रोफेज धरल्या तर त्यातल्या ८० ते ९० टक्के एकट्या लिव्हरमध्ये असतात. दिवसभर त्या रक्तातला कचरा गिळत असतात आणि गंमत म्हणजे एवढं सगळं गिळूनही गोंधळ करत नाहीत, निरोगी लिव्हरमध्ये त्यांचा स्वभाव शांतच असतो. त्यांच्या शेजारी, वाहिनीच्या भिंतीच्या पलीकडे, स्टेलेट सेल्स असतात, ज्या एरवी व्हिटॅमिन ए साठवतात आणि इजा झाली की कोलॅजन बनवायला लागतात. वण म्हणतो ना आपण, तो मुख्यतः यांचाच माल.

या दोन सेल्समध्ये सुरुवातीपासूनच घोळ आहे. कार्ल फॉन कुप्फरने १८७६ मध्ये गोल्ड क्लोराइडने रंगवून ज्या तारेसारख्या सेल्स बघितल्या त्या खरं म्हणजे स्टेलेट सेल्स होत्या, पण पुढे त्याचं नाव चिकटलं ते मॅक्रोफेजना, आणि हा गुंता नीट सुटायला १९७१ उजाडलं, जपानच्या केन्जिरो वाके यांच्या कामामुळे. मला याचं नवल वाटत नाही, कारण आजही डिशमध्ये काढलेल्या मिक्स सेल्स मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर नवशिक्या माणसाला कोण कुठली हे ओळखणं अवघडच आहे.

आता आमचं मॉडेल. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड तेलातून आठवड्यातून दोनदा देतात, चार आठवड्यांत बऱ्यापैकी फायब्रोसिस, म्हणजे वण साठणं, होतो आणि आठ ते बारा आठवडे चालू ठेवलं तर सिरॉसिससारखी अवस्था येते. हे द्रव्य स्वतः तेवढं वाईट नाही, लिव्हर सेलमधलं सिप-टू-ई-वन एन्झाइम त्याचं फ्री रॅडिकल करतं आणि मग ती सेल मरते, म्हणून हे एन्झाइम जिथे जास्त असतं तिथेच, म्हणजे सेंट्रल व्हेनच्या भोवती, पहिली पडझड दिसते. मेलेल्या सेल्समधून आतला माल बाहेर सांडतो, एटीपी, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, एचएमजीबी-वन वगैरे, आणि कुप्फर सेल्सना हा इशारा लागतो. मग त्या दाहाचे सिग्नल सोडतात, टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-वन-बीटा आणि सीसीएल-टू. यातलं सीसीएल-टू म्हणजे रक्तातल्या मोनोसाइट्सना, म्हणजे टिश्यूत शिरून मॅक्रोफेज होणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दिलेलं आवतण. न्यूट्रोफिल, दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तर त्याच्याही आधी काही तासांतच पोचलेले असतात. माणसांत कारण वेगळं असेल, व्हायरस असेल नाहीतर चरबी नाहीतर अल्कोहोल, पण हा पुढचा क्रम ओळखीचाच निघतो, आणि आतड्याची भिंत सैल झाली की बॅक्टेरियांच्या आवरणातलं एलपीएस पोर्टल रक्तातून येऊन कुप्फर सेल्सच्या टीएलआर-फोर या रिसेप्टरला चेतवतं ती भर वेगळीच.

प्राण्यांचं काम एथिक्स कमिटीच्या परवानगीनेच होतं, उंदीर पूर्ण भूल दिलेला असतो. हे फॉर्मॅलिटी म्हणून सांगत नाहीये. प्रत्येक प्राण्यातून जास्तीत जास्त माहिती निघाली पाहिजे, एकही वाया जाता कामा नये, ही जबाबदारी मला मनापासून वाटते आणि म्हणूनच मी परफ्यूजनची, म्हणजे शिरेतून द्रव सोडून लिव्हर धुण्याची आणि सेल्स सुट्या करण्याची, तयारी आदल्या दिवशीपासून करते.

परफ्यूजन हा या सगळ्यातला सगळ्यात नाजूक भाग. पोट उघडलं की आतडी हळूच बाजूला सारायची, मग पोर्टल व्हेन दिसते, त्यात बारीक कॅन्युला (नळी) घालायचा, धाग्याने बांधायचा आणि पंप सुरू करून खालची मोठी शीर, इन्फिरिअर व्हेना कावा, कापून टाकायची म्हणजे द्रव बाहेर पडायला वाट मिळते. जमलं असेल तर काही सेकंदांत गडद लाल लिव्हर फिकट पिवळसर होते, सगळे लोब एकसाथ. एखादा लोब लालच राहिला तर समजायचं की नळीतून हवेचा बुडबुडा गेलाय किंवा कॅन्युला जास्त आत जाऊन एकाच फांदीत बसलाय. त्या कापलेल्या शिरेला चिमट्याने दोन-तीन सेकंद दाबलं की लिव्हर फुगते आणि सोडलं की बसते, असं मधून मधून केलं तर द्रव कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. हे मला माझ्या मॅडमनी हात धरून शिकवलं, लिहून दिलेल्या कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये मला ते सापडलं नव्हतं.

द्रव दोन असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. पहिल्यात ईजीटीए असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं त्यामुळे सेल्सची एकमेकींवरची पकड ढिली होते आणि रक्तही धुऊन निघतं. दुसऱ्यात कोलॅजन तोडणारं कोलॅजिनेज, आणि या एन्झाइमला कामाला कॅल्शियम लागतंच, म्हणून तिथे ते परत द्यायचं. सगळं ३७ डिग्रीच्या आसपास हवं, पंपाची नळी लांब असेल तर वाटेत गार होतं, त्यामुळे वॉटरबाथमध्ये थोडं जास्त तापमान ठेवावं लागतं. किती वेळ चालवायचं हे घड्याळावर सोडून चालत नाही. ओल्या कापसाच्या बोळ्याने लिव्हर हलकेच दाबायची, खड्डा उठून ओल्या मातीवरच्या ठशासारखा तसाच राहिला की झालं, परत वर आला तर अजून थोडा वेळ. कोलॅजिनेजचा लॉट बदलला की ही वेळही बदलते, म्हणून नवीन लॉट आला की आधी तपासून घ्यायचा.

आणि इथेच फायब्रोसिस पहिल्यांदा हाताला कळतो. निरोगी लिव्हर डिशमध्ये घेऊन वरचं पातळ आवरण चिमट्याने फाडलं की सेल्स नुसत्या ढगासारख्या बाहेर येतात, मागे फक्त रक्तवाहिन्यांचं रिकामं झाड उरतं. फायब्रोसिस झालेली लिव्हर तेवढ्याच कोलॅजिनेजमध्ये तशी सुटत नाही, धागे धागे लागतात, चिमटा अडकतो. कोलॅजन हे पुस्तकातलं प्रोटीन तेव्हा खऱ्या अर्थाने जाणवतं. एन्झाइमचा वेळ वाढवावा तर सेल्सच्या पृष्ठभागावरचे मार्कर कापले जातात, म्हणजे नंतर ओळखायचं कशावरून? नाही वाढवला तर वणाला चिकटून बसलेल्या सेल्स बाहेरच येत नाहीत आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. यावर पूर्ण उपाय नाही, मधला मार्ग काढावा लागतो आणि तुलना करायच्या सगळ्या लिव्हरना अगदी एकच वागणूक द्यायची.

पुढचं सेंट्रिफ्यूजचं. आधी गाळून घ्यायचं, मग अगदी हळू, ५० जी वर तीन मिनिटं फिरवायचं, हिपॅटोसाइट्स, म्हणजे लिव्हरच्या मुख्य सेल्स, मोठ्या आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात आणि बाकी सगळं वरच्या पाण्यात राहतं. ते वरचं पाणी आपलं. ते जोरात फिरवून सेल्स गोळा करायच्या आणि परकॉल या दाट द्रवाच्या २५ आणि ५० टक्क्यांच्या दोन थरांवर चढवायच्या. हे चढवताना पिपेट ट्यूबच्या भिंतीला टेकवून थेंब थेंब सोडायचं. फिरवून झाल्यावर ट्यूब उजेडासमोर धरली की दोन थरांच्या मध्ये एक दुधी पट्टा दिसतो, त्यातच कुप्फर सेल्स आणि वाहिनीच्या भिंतीवरच्या एंडोथेलियल सेल्स. स्टेलेट सेल्स हव्या असतील तर ग्रेडियंट वेगळा, त्या चरबीमुळे हलक्या असतात आणि पार वर तरंगतात.

स्टेलेट सेल्स मायक्रोस्कोपखाली यूव्ही उजेडात बघणं हे मला या कामातलं फार आवडतं. व्हिटॅमिन एमुळे त्यातले चरबीचे थेंब निळसर-हिरवे चमकतात आणि बघता बघता, काही सेकंदांतच, फिके पडत जातात, फोटो काढायचा तर घाई करावी लागते. निरोगी लिव्हरमधल्या सेल्स अशा चमकतात, पण इजा झालेल्या लिव्हरमधल्या बऱ्याच सेल्समध्ये थेंब नसतातच, टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ हे सिग्नल मिळाले की व्हिटॅमिन ए गमावून त्या लांबट, ताणलेल्या होतात आणि कोलॅजन ओतायला लागतात. हे टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ देणाऱ्यांमध्ये मॅक्रोफेज मुख्य. एवढंच बघून थांबलं तर कुणालाही वाटेल की मॅक्रोफेज काढून टाका, विषय संपला. मलाही काम सुरू करताना हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटायचा, कशाने काढता येतील?

तेव्हा मॅडमनी २००५ चा एक पेपर समोर ठेवला, जेरेमी डफील्ड आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी असे उंदीर वापरले ज्यांच्यात डिफ्थेरिया टॉक्सिन देऊन मॅक्रोफेज हव्या त्या वेळी काढून टाकता येतात. इजा चालू असताना काढल्या तर वण कमी झाला. इजा थांबल्यानंतर, म्हणजे लिव्हर सुधारायला लागल्यावर काढल्या, तर वण विरघळायचा थांबला, तसाच राहिला. मॅडम म्हणाल्या, "आता सांग, मॅक्रोफेज चांगल्या की वाईट?" मी म्हटलं, "मॅडम, कधीच्या मॅक्रोफेज?" तर म्हणाल्या, "हां, आता तुझं काम सुरू झालं."

म्हणून आम्ही लिव्हर दोन वेळांना काढतो, शेवटच्या डोसनंतर २४ तासांनी आणि ७२ तासांनी, आणि सोबत कंट्रोल, म्हणजे इजा न केलेल्या उंदरांची लिव्हर. सेल्सवर आधी एफसी ब्लॉक लावायचा, कारण मॅक्रोफेज कुठल्याही अँटिबॉडीला मागच्या बाजूने धरून ठेवतात आणि खोटा सिग्नल येतो. मेलेल्या सेल्सचा डाय वेगळा. मग एकेका मार्करला चिकटणाऱ्या चमकत्या अँटिबॉडी, आणि ती चमक प्रत्येक सेलवर मोजणारं मशीन, फ्लो सायटोमीटर. पडद्यावर ठिपके जमायला लागतात, एकेक ठिपका म्हणजे एकेक सेल. कंट्रोल लिव्हरमध्ये एक घट्ट बेट दिसतं, एफ-फोर-एटी भरपूर आणि सीडी-इलेव्हन-बी कमी, शिवाय क्लेक-फोर-एफ आणि टिम-फोर पण असलेलं, या मूळच्या कुप्फर सेल्स, गर्भातच लिव्हरमध्ये येऊन वसलेल्या आणि तिथेच स्वतःची संख्या टिकवणाऱ्या. २४ तासांच्या लिव्हरमध्ये हे बेट विरळ झालेलं असतं, कारण इजेत त्याही मरतात, आणि शेजारी नवीन मोठा घोळका उभा राहतो, सीडी-इलेव्हन-बी भरपूर, लाय-सिक्स-सी भरपूर. हे रक्तातून आलेले मोनोसाइट, दाह वाढवणारे. ७२ तासांना बघितलं तर हा घोळका लाय-सिक्स-सीच्या अक्षावर खाली सरकलेला. घोळका तेवढाच मोठा, पण लाय-सिक्स-सी कमी झालेलं.

हे आम्हीच पहिल्यांदा शोधलं असं अजिबात नाही, २०१२ मध्ये प्रकाश रामचंद्रन आणि एडिंबरातल्या गटाने हे नीट दाखवलंय, की या कमी लाय-सिक्स-सीवाल्या मॅक्रोफेज मेलेल्या सेल्स गिळतात, वण तोडणारी एमएमपी एन्झाइम्स बनवतात, आणि मुख्य म्हणजे त्या बाहेरून वेगळ्या येत नाहीत, त्या आधीच्या दाहक मोनोसाइटपासूनच तिथल्या तिथे तयार होतात, आणि कचरा गिळणं हेच त्यांना बदलायला लावतं. माहीत असूनही स्वतःच्या पडद्यावर तो घोळका खाली सरकलेला दिसला तेव्हा मी खुर्चीवरून उठून ज्युनिअर मुलीला बोलावून आणलं. ती म्हणाली, "ताई, म्हणजे ज्यांनी आग लावली तेच विझवतायत?" बरोबर बोलली. आणि मग ज्यांना आपण दारातच अडवू, त्यांच्यापासून होणाऱ्या दुरुस्त करणाऱ्या सेल्स पण आपल्याला मिळणार नाहीत, हे ओघानेच आलं.

सेनिक्रिविरॉक नावाचं औषध होतं, मोनोसाइटना आत बोलावणारे सीसीआर-टू आणि सीसीआर-फाइव्ह हे रिसेप्टर बंद करणारं. फॅटी लिव्हरमुळे झालेल्या फायब्रोसिससाठी त्याची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल चालू होती, ती २०२१ च्या सुरुवातीला थांबवली, फायदा दिसत नव्हता म्हणून. एका औषधाच्या अपयशाची कारणं अनेक असतात आणि मी सगळा दोष या एका मुद्द्यावर टाकणार नाही, पण मला वाटतं की दार कायमचं बंद करण्यापेक्षा आत आलेल्यांना लवकर बदलायला लावणं ही दिशा जास्त बरोबर आहे. एडिंबरामध्येच पेशंटच्या स्वतःच्या रक्तातल्या मोनोसाइटपासून मॅक्रोफेज वाढवून त्या परत त्यालाच देण्याचा प्रयोग झाला, पहिल्या टप्प्यात सिरॉसिसचे ९ पेशंट होते, २०१९ मध्ये रिझल्ट आले आणि उपचार सुरक्षित दिसला. यावर पुढे काय होतं याकडे आमच्या लॅबमधल्या सगळ्यांचं लक्ष असतं.

बाकीच्या सेल्स विसरून चालत नाही. एनके (नॅचरल किलर) सेल्स चवताळलेल्या स्टेलेट सेल्सना मारतात, म्हणजे वण कमी करायला मदतच, पण आजार फार पुढे गेला की त्यांचा जोर ओसरतो. माणसाच्या लिव्हरमध्ये मेट सेल्स नावाच्या टी सेल्स भरपूर असतात आणि उंदरात मात्र फारच कमी, त्यामुळे त्यांच्याबद्दल उंदराकडून फार शिकता येत नाही. या एका कारणासाठी तरी माणसांचे नमुने लागतातच.

ते नमुने आम्हाला ट्रान्सप्लांटच्या वेळी काढलेल्या लिव्हरमधून, पेशंटच्या लेखी संमतीने मिळतात. सिरॉसिसची लिव्हर हातात घेतली की आधी नजरेत भरतात त्या गाठी, सगळा पृष्ठभाग खडबडीत. ब्लेड फिरवलं की गाठीतून सहज जातं आणि दोन गाठींमधल्या पांढऱ्या पट्ट्यावर अडतं, जोर लावावा लागतो. उंदराच्या चार आठवड्यांच्या फायब्रोसिसमध्ये आणि यात केवढं अंतर आहे ते त्या जोरावरूनच लक्षात येतं. हे नमुने मी शक्यतो दुसऱ्या कुणावर सोपवत नाही, कुणीतरी आयुष्याच्या फार अवघड दिवशी सही करून ते आपल्याला दिलेले असतात. २०१९ मध्ये रामचंद्रन यांच्याच गटाने माणसाच्या सिरॉसिसमधल्या एकेक सेलचा आरएनए वाचला, तेव्हा वणाच्या पट्ट्यांमध्ये ट्रेम-टू आणि सीडी-नाइन असलेल्या खास मॅक्रोफेज सापडल्या, आणि मूळच्या कुप्फर सेल्स कमी झालेल्या. आम्हीही आता हेच मार्कर वापरतो.

कुप्फर सेल्स कमी होण्याचा पेशंटला बसणारा फटका फार मोठा असतो आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. सिरॉसिसमध्ये एकीकडे शरीरात दाह सतत धुमसत असतो आणि दुसरीकडे इन्फेक्शनशी लढायची ताकद घटलेली असते, दोन्ही एकाच वेळी. सायनुसॉइडच्या भिंतीतली बारीक छिद्रं बुजतात, रक्त लिव्हरला वळसा घालून जातं, गाळणी करणाऱ्या सेल्स उरलेल्या नसतात, मग आतड्यातले बॅक्टेरिया पुढे निसटतात. म्हणून पोटात पाणी झालेल्या पेशंटला ॲडमिट केलं की डॉक्टर सुईने पाणी काढून तपासायला पाठवतात, आणि त्यात न्यूट्रोफिल एका घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त निघाले तर कल्चरच्या रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात. घरात असा पेशंट असेल आणि ताप आला, पोट दुखायला लागलं किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

वण परत जातो का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. उंदरात जातो, डोस बंद केल्यावर पुढच्या काही आठवड्यांत कोलॅजन लाल करणाऱ्या सिरियस रेडने रंगवलेल्या स्लाइडवर लाल पट्टे बारीक होत होत तुटतात, स्टेलेट सेल्सपैकी काही मरतात आणि काही परत बऱ्यापैकी शांत होतात. माणसांतही जातो, बऱ्याच जणांमध्ये, मूळ कारण थांबलं तर. हिपॅटायटिस बीच्या पेशंटना टेनोफोविर हे औषध देऊन पाच वर्षांनी परत बायोप्सी केली, २०१३ मध्ये ते छापून आलं, सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांमध्ये बायोप्सीवर सिरॉसिस उरला नव्हता. प्रत्येकाचं असं होत नाही, फार जुना, जाड, एकमेकांत विणला गेलेला वण हटायला तयार नसतो, आणि पोटात पाणी साठण्याच्या किंवा रक्ताची उलटी होण्याच्या टप्प्यावर गेलेल्या पेशंटला खोटी आशा देणं चूक आहे. पण सिरॉसिस म्हणजे परतीचा रस्ताच नाही हे सरसकट विधान आता टिकत नाही.

सध्या मी सेल्स बाहेर काढण्यापेक्षा टिश्यूचे पातळ काप करून त्यावरच अँटिबॉडी लावायचं काम जास्त करतेय. लिव्हर विरघळवली की कोण किती हे कळतं पण कोण कुणाच्या शेजारी होतं ते हरवतं, आणि ट्रेम-टूवाली मॅक्रोफेज वणाच्या कडेला बसलीय की पार मध्यात, तिच्या बाजूची स्टेलेट सेल अजून कोलॅजन ओततेय की थांबलीय, हे बघायचंय. सध्या आधी २४ आणि ७२ तासांच्या लिव्हरचे काप चालू आहेत, माणसांचे नमुने त्यानंतर घेणार.